बाहेरच्या भिंतीला कोणता रंग?

साडी निवडायला आपल्याला किती वेळ लागतो, यावर घरोघरी विनोद होतात. होऊ देत! दुकानात गादीवर बसून आपण चाळीस साड्या उलगडायला लावतो, अंगावर टाकून बघतो, आणि शेवटी दाराशी उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. दिव्याखाली आमसुली दिसणारी साडी उजेडात चक्क चॉकलेटी निघते, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं. आता मला सांगा मैत्रिणींनो, वर्षातून चारदा नेसायच्या साडीसाठी एवढी पारख. आणि जी ‘साडी’ आपलं घर सहा-सात वर्षं अंगावरून उतरवणार नाही, ती मात्र नखाएवढ्या चौकोनावरून, दहा मिनिटांत, दुकानात उभ्या उभ्या ठरवून टाकायची, हा कुठला न्याय?

बहुतेक घरांत आतल्या खोल्यांचा रंग बाईला विचारतात. स्वयंपाकघराला पिस्ता की बदामी, यावर तिचं मत चालतं. बाहेरच्या भिंती मात्र ‘बाहेरचं काम’. परांची बांधणारे, रंगारी, दुकानदार या सगळ्यांशी पुरुषमाणसं बोलतात आणि रंगही तेच ठरवून येतात. खरं म्हणजे त्या भिंतींना कुठे ओल धरते, कुठे ओघळ येतात, कोणत्या कट्ट्यावर मुलं चिखलाचे पाय घासतात, हे दिवसभर बघतं कोण? आपणच ना?

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. या दोन्ही घरांना एकाच हिवाळ्यात, म्हणजे २०२२ ची दिवाळी आणि २०२३ ची होळी यांच्या मधल्या दिवसांत, रंग लागला. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सकाळ मुलांच्या मागे आणि दुपार रंगाऱ्यांच्या मागे अशी माझी वाटणी होती. रंगाच्या शास्त्रातली मी कुणी जाणकार नव्हे, बी. ए. ला माझा विषय मराठी. पण दोन घरं रंगवताना जे बघितलं, विचारलं आणि हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की रंग आधी गावाला विचारावा. साताऱ्यात पाऊस पश्चिमेकडून, यवतेश्वर-कासच्या अंगानं येतो, आणि आला की मुक्कामालाच येतो. आमच्या माहेरच्या घराची पश्चिमेची भिंत जूनमध्ये ओली होते, ती गणपती येऊन गेले तरी धड वाळत नाही. छज्ज्याखाली काळे ओघळ, जोत्यावर हिरवं शेवाळ. सांगलीला याच्या उलट. पाऊस बेताचा, ऊन मात्र कडक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पण सांगलीला पाणी आभाळातून कमी आणि नदीतून जास्त येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. तिथून निघालेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला पोटात घेते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि मग माझ्या सासरी येते. ‘पाऊस माझ्या माहेरी पडतो आणि पूर माझ्या सासरी येतो,’ असं मी पूर्वी गमतीनं म्हणत असे. २०१९ नंतर ते वाक्य फारसं तोंडात येत नाही.

तर आधी साताऱ्याची हकीकत सांगते.

ते घर वडिलांनी १९८४ साली बांधलं, आणि तेव्हापासून ते पिवळं होतं. दर सहा-सात वर्षांनी रंग निघायचा. वडील दुकानात जायचे, ‘तोच द्या’ म्हणायचे, आणि घर पुन्हा पिवळंधमक व्हायचं. शाळेत पत्ता सांगताना आम्ही भावंडं ‘ते पिवळं घर’ एवढंच सांगायचो. २०२० मध्ये वडील गेले. पुढचे पावसाळे भिंतींनी तसेच काढले. शेवटी पुण्याहून भावाचा फोन आला, ‘आई, पैसे मी पाठवतो, रंग तू ठरव.’

आई म्हणाली, ‘तुम्ही म्हणाल तो.’

नाताळच्या सुट्टीत मी गेले, तेव्हाही तेच. दुकानातून आणलेलं शेडकार्ड तिच्यापुढे ठेवलं. ती पानं उलटायची, ‘हाही बरा आहे,’ म्हणायची आणि उठून कुकर लावायला जायची. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी प्रश्न फिरवला. म्हटलं, ‘आई, कोणता नको ते तरी सांग.’

‘पिवळा नको.’ उत्तर इतकं चटकन आलं, की तिची तीच दचकली. मग जुडी खाली ठेवून म्हणाली, ‘मला पिवळा कधी आवडलाच नाही गं.’

अडतीस वर्षं! मी विचारलं, ‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘कुणी विचारलं नाही. आणि तुझ्या वडिलांना त्यात केवढा आनंद! त्यांचं लहानपण वाड्यातल्या अंधाऱ्या भाड्याच्या खोलीत गेलेलं. आपलं घर उन्हासारखं दिसावं म्हणायचे. त्यात मी कुठे मोडता घालू?’

मैत्रिणींनो, यात मला वडिलांचाही राग आला नाही आणि आईचीही कीव आली नाही. पण एक मात्र कळलं. ‘तुला कोणता आवडतो?’ या प्रश्नाला आपल्या आईच्या पिढीतल्या बायकांकडे उत्तर तयार नसतं. तो प्रश्न त्यांना कुणी फारसा विचारलेलाच नसतो. ‘तुला काय नको?’ याचं उत्तर मात्र वर्षानुवर्षं जिभेच्या टोकावर असतं. तिथून सुरुवात करावी.

एकदा पिवळा बाजूला झाला आणि आईची गाडी रुळावर आली. आणि मग तिनं जो विचार केला, तो मला, भावाला किंवा दुकानदारालाही सुचला नव्हता. ती म्हणाली, ‘ही पश्चिमेची भिंत पावसाळ्यात कोणत्या रंगाची होते, ते मला विचारा. मी रोज बघते. करडी-हिरवी होते. मग आधीच तसा रंग द्या, म्हणजे पाऊस येऊन गेला तरी भिंत कळकट दिसायची नाही.’ परसातल्या तुळशीचं पान खुडून तिनं ते उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. ‘हा असा. मागच्या बाजूचा.’

शेडकार्डावर त्या रंगाला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला ‘तुळशी’ म्हणायला लागलो, आणि दोन दिवसांत रंगारीही तेच म्हणू लागला. तुम्हीही करून बघा. आपल्याकडे साड्यांमुळे रंगांना केवढी नावं आहेत! डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, अबोली, मोतिया, चिंतामणी. कार्डावरच्या रंगाला यांतलं एखादं नाव दिलं, की तो परका वाटत नाही आणि घरातली सगळी माणसं एकाच रंगाबद्दल बोलताहेत याची खात्री होते.

पण नुसतं नाव पुरे नाही. नखाएवढा चौकोन आणि वीस फुटांची भिंत यांत फार फरक असतो. मोठ्या भिंतीवर, उन्हात, तोच रंग कार्डावरच्यापेक्षा बराच भडक दिसतो. म्हणून दुकानातून छोटा डबा आणून भिंतीवरच तीन बाय तीन फुटांचा नमुना काढून घ्यावा. तोही एकाच भिंतीवर नाही, तर एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मग तो सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बघावा. आईनं दोन छटांचे नमुने काढून घेतले, चार दिवस येता-जाता बघितले, आणि अगोदर मनात होता त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घेतला. हा जवळजवळ नियमच समजा: कार्डावर जो आवडेल, त्याच्याहून एक पायरी फिका.

पहिला हात अर्ध्या भिंतीवर चढला, तेव्हा आई अंगणातून आत आली. हळूच म्हणाली, ‘ह्यांना चाललं असतं का गं?’

काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, ‘चिडले असते. आठवडाभर. मग आल्यागेल्याला सांगितलं असतं, की रंग मीच निवडला म्हणून.’

आई खूप हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

आता सांगलीचं ऐका. तिथे प्रश्न कोणत्या रंगाचा नव्हताच. रंग द्यायचा की नाही, हाच होता.

सांगलीत पुराचं पाणी आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ साली हा पूल वाहतुकीला खुला झाला. पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर दुमजली. २००५ च्या पुरात, म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधी, खालच्या मजल्यात गुडघ्याच्या वर पाणी होतं. २०१९ ला साडेपाच फूट. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा देवघरातल्या कोनाड्यातसुद्धा गाळ होता. सावरतोय तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा कमरेपर्यंत. दर पुरानंतर मामंजींनी पुढच्या दाराशेजारी भिंतीवर खिळ्यानं एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी साल कोरलं. अशा तीन रेघा.

भिंतींचं काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. रंगाचे पोपडे, खालचा गिलावा ठिकठिकाणी फुगून पडलेला, आणि विटांवर मिठासारखा पांढरा थर, ज्याला आपण ‘लोणा’ म्हणतो. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की ते क्षार मागे राहतात. हा लोणा पाण्यानं धुऊ नका हं. पाण्यात विरघळून तो पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा.

पण भिंतीपेक्षा मोठा प्रश्न घरातला होता. धाकटे भावजी मुंबईहून म्हणत, ‘आता तिथे पैसे घालू नका. विकून टाका आणि उंचावर फ्लॅट घ्या.’ आमच्या ह्यांना तेही पटायचं आणि मामंजींकडे बघितलं की पटायचं नाही. भावजींचं चूक होतं असं नाही. लांब राहून टीव्हीवर आपल्या गल्लीत होडी फिरताना ज्यानं बघितली, त्याच्या जिवाला घोर लागणारच. कुणी म्हणालं, ‘विकायचं असलं तरी रंगवलेल्या घराला भाव बरा येतो.’ अशी दीड वर्षं गेली. पोपडे पडत होते आणि आम्ही विषय काढत नव्हतो. दारात रांगोळी काढताना मान वर करावीशी वाटायची नाही.

शेवटी बोलल्या त्या सासूबाई. एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना वाढता वाढता म्हणाल्या, ‘ठेवायचं असेल तर रंग द्या. विकायचं असेल तर देऊ नका. पण घराला असं लोंबकळत ठेवू नका. ते काही भाड्याचं नाही आणि मीही नाही.’

दोन दिवस घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी रंगाऱ्याला निरोप धाडला. घर विकायचं नाही, असं आमच्याकडे कुणी तोंडानं म्हटलेलंच नाही. रंगाऱ्याला निरोप गेला, त्यातच ते आलं.

आता पुराची भिंत रंगवताना घाई हा पहिला शत्रू. वरून वाळलेली भिंत आतून ओली असते. त्यावर आजकालचा प्लास्टिकसारखा रंग लावला, की ओल आत कोंडते आणि वर्षाच्या आत फुगे येतात. ओल राहिली आहे का, हे बघायला एक साधी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल, तर भिंत अजून वाळलेली नाही. आम्ही दर महिन्याला हे करत होतो. आणि नवा गिलावा केला असेल, तर त्यालाही निदान महिनाभर पाणी देऊन, वाळू देऊन मगच रंग.

तरी मनात एक शंका होतीच. पूर पुन्हा आला तर? वरपासून खालपर्यंत महागाचा रंग लावायचा आणि नदीनं तो एका आठवड्यात उतरवायचा? याचं उत्तर मला वाईजवळ मिळालं. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर मी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला गेले होते. आपल्याकडचे जुने वाडे आठवून बघा. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्याच्यावर विटा आणि चुना. पावसाचा चिखल उडतो तो काळ्या दगडावर. तो दिसत नाही आणि दगडाला बाधतही नाही. जुन्या माणसांनी भिंतीचे दोन भाग मानले होते: पाण्याच्या वाट्याचा खालचा आणि उन्हाच्या वाट्याचा वरचा. मग आपण तरी सगळ्या भिंतीला एकच रंग का द्यावा?

मी घरात सुचवलं, की खालचा भाग २०१९ च्या रेघेपर्यंत चुना आणि गेरूनं रंगवू, आणि त्याच्यावर पक्का रंग देऊ. खालचा गिलावा नाही तरी नव्यानंच केलेला होता. चुना अशा कोऱ्या गिलाव्याला चांगला धरतो. जुन्या तेलकट किंवा प्लास्टिकच्या रंगावर मात्र तो टिकत नाही, सुटून येतो. चुन्याचे गुण आपण विसरलो आहोत. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, भिंतीतली ओल अडवत नाही, आणि जात्याच क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. शिवाय स्वस्त. पुरानं नेला, तर भिंत वाळल्यावर दोन दिवसांत पुन्हा लावता येतो.

रंगारी नाक मुरडून म्हणाला, ‘वहिनी, आता गेरू कोण लावतं? लोक देऊळ समजून पाया पडतील.’ मी म्हटलं, ‘पडू देत, आपलं काय जातंय?’ जयपूरच्या जुन्या शहराचा तो प्रसिद्ध गुलाबी रंगही गेरूच्याच कुळातला. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीसाठी शहर त्या रंगानं रंगवलं गेलं, आणि तो रंग आजही लोक दुरून बघायला येतात. गेरू म्हणजे लोहाची माती. उन्हानं तिचं काही बिघडत नाही. शेडकार्डावरचे भडक लाल, जांभळे, गर्द निळे रंग मोहात पाडतात खरे. पण सांगलीसारख्या उन्हात ते लवकर विटतात आणि दक्षिणेची भिंत एका रंगाची, उत्तरेची दुसऱ्या, असं दिसायला लागतं. मातीचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, करडा, तपकिरी, हे त्या मानानं कितीतरी जास्त टिकतात.

काम सुरू झालं त्या सकाळची एक गोष्ट सांगते. जुना गिलावा बहुतेक पडला होता, पण पुढच्या दाराशेजारचा हातभर रुंदीचा पट्टा तेवढा शाबूत होता. त्यावरच मामंजींच्या तीन रेघा. रंगाऱ्यांच्या पोरानं तारेचा ब्रश हातात घेतला. मामंजी काही बोलले नाहीत. आतून खुर्ची आणली, बरोब्बर त्या पट्ट्यापुढे ठेवली आणि पेपर वाचत बसले. नऊचे अकरा वाजले, अकराचे साडेबारा. पेपर वाचून संपला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

शेवटी सासूबाईच बाहेर आल्या आणि पोराला म्हणाल्या, ‘तेवढं राहू दे रे. ते लिहिलेलं आहे.’

तो पट्टा आजही तसाच आहे, बिनरंगाचा. आणि गेरूच्या रंगाची वरची कड बरोबर २०१९ च्या रेघेला जुळवलेली आहे. नवख्या माणसाला वाटतं, की हौसेनं दोन रंग दिले आहेत. गल्लीतल्या माणसाला मात्र न सांगता कळतं. एकदा माझ्या मुलीची मैत्रीण घरी आली. मुलीनं तिला त्या कडेपाशी उभं केलं, तिच्या डोक्यावरून हात नेऊन दाखवला आणि म्हणाली, ‘इथपर्यंत.’ दोघी काही वेळ गप्प उभ्या होत्या. मग खेळायला गेल्या.

वरच्या भागाचा रंग सासूबाईंनी निवडला, ताकाचा. शुभ्र पांढरा का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘पांढऱ्यानं समोरच्यांच्या डोळ्यांवर तिरीप जाईल. आपल्या भिंतीचा ताप शेजाऱ्याला कशाला?’ फिकट रंग ऊन परत फेकतात आणि घर कमी तापतं, हे खरंच. पण अगदी पांढरा भर उन्हात डोळ्यांना त्रास देतो आणि धूळही लगेच दाखवतो. तेव्हा ताक, मोतिया, बदामी हे मधले रंग आपल्या हवेला बरे.

चुन्याचं एक सांगायचं राहिलं. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि त्याचे शिंतोडे डोळ्यांत गेले तर फार वाईट. मुलांना जवळ फिरकू देऊ नका. तो भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालतात. चुन्यात कालवलेला गेरू ओला असताना गर्द दिसतो, पण वाळला की चांगला फिका, विटकरी-गुलाबी होतो. पहिल्या दिवशी बघून घाबरू नका. आणि हो, अशा भिंतीला पाठ टेकली तर पदर थोडा रंगतो. आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबर ही सूचनाही मिळते.

आता सर्वांच्याच उपयोगाच्या चार गोष्टी.

घर दसरा-दिवाळीच्या आधी रंगवायची आपली रीत. आतल्या भिंतींना ती ठीक आहे. बाहेरच्या भिंती मात्र तेव्हा नुकता पाऊस खाऊन बसलेल्या असतात. त्यांना दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या दिवसांत हात घालावा. मेच्या उन्हातही नको. रंग फार भराभर वाळतो आणि नीट धरत नाही.

रंग किती लागेल, हे रंगाऱ्यावर सोडू नका. भिंतीची लांबी गुणिले उंची करा. तीस फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे ३०० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर बाहेरच्या चांगल्या रंगाच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात. म्हणजे या भिंतीला पाच ते सहा लिटर. खरखरीत भिंत जरा जास्त पिते. शक्यतो माल आपण आणावा, मजुरी त्यांना द्यावी आणि रिकामे डबे मोजून घ्यावेत.

एका रंगाचे सगळे डबे एकाच वेळी आणा. मागून आणलेल्या डब्याची छटा किंचित निराळी निघू शकते, आणि भिंतीवर ती बरोबर दिसते. रंगाच्या आधी घासणं, भेगा भरणं आणि प्रायमरचा एक हात यांत काटकसर नको. रंग जुना होण्याआधी सुटतो, तो बहुधा या कामांत घाई झालेली असते म्हणून. सिमेंटचा पुडीचा रंग देणार असाल, तर आधी भिंत भिजवायची आणि दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस वरून पाणी मारायचं. नाहीतर त्याची पूड हाताला येते.

आमच्या गेरूचा थर दरवर्षी जरा पुसट होतो. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी आणि मुलगी त्याला पुन्हा एक हात देतो. तासा-दोन तासांचं काम. पाणी आता येणारच नाही, अशी माझी काही समजूत नाही. जुलै उजाडला की पुलावरची पातळी आम्ही अजूनही रेडिओवर, फोनवर कान देऊन ऐकतो, आणि खालच्या कपाटातली कागदपत्रं वर नेऊन ठेवतो. पण आपल्या घराचं काय करायचं, हे आता आमच्यात ठरलेलं आहे.

जाता जाता एक शेवटची सूचना. रंगाचा नंबर हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. सहा वर्षांनी डागडुजी करायची वेळ येते, तेव्हा डबा सापडत नाही आणि कुणाला काही आठवत नाही. आमच्या वहीत दोन्ही घरांचे नंबर लिहिले आहेत, आणि प्रत्येकापुढे तो रंग कुणी निवडला तेही. तुमच्या वहीत त्या जागी कुणाचं नाव येईल, ते या दिवाळीनंतर, रंगारी दारात येण्याआधी, एकदा ठरवून टाका.